ईजीएफची व्हायल रिकामी दिसते तेव्हा

पहिल्या व्हायलीचं मी काय केलं ते आधीच सांगून टाकते. केरात टाकली. रिकॉम्बिनंट ह्युमन ईजीएफ, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन, १०० मायक्रोग्रॅम, मुंबईहून थर्माकोलच्या बॉक्समधून आलेली. झाकण काढून उजेडात धरली, तिरकी केली, नखाने टिचकी मारून पाहिली. आत काही म्हणजे काही नाही. पुरवठादाराला फोन लावला आणि तावातावाने म्हणाले, रिकामी बाटली पाठवलीत तुम्ही. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, शंभर मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसतं होय?" मी फोन ठेवेपर्यंत शिपाईमामा केराची पिशवी घेऊन जिना उतरलेसुद्धा होते.

साखरेचा एक दाणा घ्या. त्याचं वजनही १०० मायक्रोग्रॅमच्या कितीतरी पट भरतं. त्यातून हे प्रथिन गोठवून, निर्वातात सुकवलेलं असतं. ते काचेला किंवा प्लॅस्टिकला पापुद्र्यासारखं चिकटून बसतं, कधी तळाला, कधी चक्क झाकणाच्या आतल्या बाजूला. सोबत ट्रेहॅलोज ही साखर किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन) घातलेलं असेल तर पांढरी टिकली दिसते, नाहीतर काहीच दिसत नाही. गेल्या जूनमध्ये कागलहून येणारा एम.एस्सी.चा पोरगा व्हायल हातात घेऊन आला, "मॅडम, ह्यात कायबी न्हाई." तेव्हा मी त्याच्या हातातून ती आधी काढून घेतली आणि मग हसले.

मी कोल्हापुरात सेल कल्चरची एक छोटी प्रयोगशाळा सांभाळते. 'टिश्यू कल्चर' म्हटलं की इथं लोक केळीच्या रोपांचा भाव विचारतात. आमच्याकडे वाढतात त्या माणसाच्या त्वचेच्या पेशी. दर वर्षी नवीन पोरं येतात आणि दर वर्षी मी तेच तेच बोलते, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

ईजीएफ म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. माणसाचा ईजीएफ ५३ अमिनो आम्लांचा, सुमारे ६.२ किलोडाल्टनचा, म्हणजे प्रथिनांच्या घरातलं शेंडेफळच. तीन डायसल्फाइड बंध त्याला आवळून धरतात, म्हणून आकाराने लहान असला तरी बराच काटक आहे. स्टॅन्ली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथीचा अर्क टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे ठरल्या दिवसांच्या आधीच उघडले, दातही लवकर आले, तिथून हा धागा निघाला. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं ते अशाच ग्रोथ फॅक्टरांच्या शोधासाठी. आता लाळग्रंथी चिरत बसावं लागत नाही. माणसाचा जीन ई. कोलाय या जिवाणूत घालतात आणि जिवाणू ते प्रथिन बनवून देतो. वाण माणसाचं, शेत जिवाणूचं. रिकॉम्बिनंट ह्युमन या दोन शब्दांचा अर्थ एवढाच. यात माणसाच्या रक्ताचा किंवा ऊतीचा थेंब नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण एका विद्यार्थिनीच्या आईने तेवढ्यासाठी मला घरी बोलावून विचारलं होतं.

शेत जिवाणूचं असल्याचा एक तोटा आहे, इंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचा हा अंश शुद्धीकरणात काढावा लागतो. लॉटच्या सर्टिफिकेटवर तो किती उरलाय ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे १ इंडोटॉक्सिन युनिटपेक्षा कमी, असं. मॅक्रोफेज किंवा रक्तातल्या मोनोसाइट्सवर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींवर, काम असेल तर हा आकडा सगळ्यात आधी बघा. त्या पेशी इंडोटॉक्सिनच्या वासानेच पेटून उठतात आणि तुम्हाला वाटतं ग्रोथ फॅक्टरने कमाल केली.

दुसरी निवड ऑर्डर देतानाच करायची असते, कॅरियर म्हणजे सोबतीचं प्रथिन घातलेलं की कॅरियर-फ्री. रोजच्या कल्चरला बीएसए घातलेलं चालतं, उलट ते जास्त टिकतं. प्रथिनाला खुणेचा रेणू जोडायचा असेल किंवा नेमकं प्रथिनच मोजायचं असेल तर कॅरियर-फ्री घ्या, नाहीतर तुम्ही मोजाल गाईचा अल्ब्युमिन.

ऑर्डर कधी द्यायची हेही शिकावं लागतं. मी सोमवारी देते, म्हणजे पार्सल शनिवारी-रविवारी कुणाच्या टेबलाखाली पडून राहत नाही. आणि पावसाळ्याचा माल मे महिन्यातच मागवून ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाड्या कितीतरी दिवस अडकल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की मी काहीही मागवत नाही. सुकवलेली व्हायल साध्या तापमानात चार दिवस राहिली तर सहसा काही बिघडत नाही. तिच्या पत्रकात तशी मुदतच दिलेली असते. त्यामुळे आईस पॅक वितळून पाणी झालेलं दिसलं तरी लगेच भांडायला उठू नका, आधी पत्रक वाचा. द्रावणाच्या रूपात आलेला माल असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तो कोमट झाला असेल तर फोटो काढा आणि त्याच तासात कळवा.

पत्रक वाचणं हे खरं पहिलं काम. कोणत्या द्रवात विरघळवायचं, किती तीव्रतेपर्यंत, विरघळल्यावर किती दिवस ठेवायचं, हे सगळं त्या एका पानावर असतं आणि लॉटप्रमाणे ते बदलूही शकतं. ईजीएफ साध्या निर्जंतुक पाण्यात किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या खाऱ्या पाण्यात) विरघळतो. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं तसं नाही, त्याला पातळ आम्ल लागतं, उदाहरणार्थ ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक. पाण्यात टाकला तर भिंतीलाच धरून बसतो. 'मागच्या वेळी असंच केलं होतं' हे वाक्य माझ्या प्रयोगशाळेत बोलायला बंदी आहे.

आता उघडायचं कसं ते.

फ्रीझरमधून व्हायल काढा आणि झाकण बंद ठेवूनच टेबलावर वीस मिनिटं राहू द्या. जुलैत कोल्हापूरच्या हवेत पाणी किती असतं ते वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. थंडगार व्हायल तशीच उघडली तर त्या हवेतलं पाणी आत दवासारखं बसतं आणि सुकवलेलं प्रथिन नको तिथे, नको तितकं भिजतं. वीस मिनिटांनी मायक्रोसेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवा. झाकणाला चिकटलेली पूड तळाला येते. काचेची, रबरी बुचाची व्हायल असेल आणि तुमच्या रोटरमध्ये नीट बसत नसेल तर जबरदस्ती करू नका, तळ टेबलावर हलके आपटा, पुरे.

मग हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात. माझा हिशेब असा: १०० मायक्रोग्रॅमला २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी. टिप तळाला टेकवायची नाही. पाणी आतल्या भिंतीवरून ओघळू द्यायचं, व्हायल बोटांत हळू फिरवत, म्हणजे चारी बाजू धुतल्या जातात. झाकण लावून एकदा सावकाश उलटी करायची, कारण झाकणाच्या आतही माल असतो. परत सरळ करून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. या दहा मिनिटांत पोरांचे हात शिवशिवतात, कुणीतरी व्हॉर्टेक्सकडे, म्हणजे ट्यूब गरगर हलवणाऱ्या यंत्राकडे, बघतं. व्हॉर्टेक्स नाही. पिपेटने वर-खाली करून फेस काढायचा नाही. आपण ताक घुसळत नाही आहोत. अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. प्रथिन हवेच्या बुडबुड्यावर पसरतं, उलगडतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. इथं फेस झाला तर तो फेस म्हणजेच तुमचं प्रथिन.

दहा मिनिटांनी हातात आलं ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण. इतकं दाट आहे तोवर काळजी नाही. पातळ करायला लागलं की खरी गळती सुरू होते. प्रथिनाचे रेणू प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतात. दाट द्रावणात चिकटलेल्यांचा हिशेब लागत नाही, पण नॅनोग्रॅमच्या पातळीवर भिंत बघता बघता मोठा वाटा खाऊन टाकते. म्हणून भिंतीला आधीच दुसरं काहीतरी खायला द्यायचं. ते म्हणजे बीएसए, ०.१ टक्का: १०० मिलिलिटर पीबीएसमध्ये ०.१ ग्रॅम. हे द्रावण आधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं आणि मग त्यात ग्रोथ फॅक्टर घालायचा. क्रम उलटा करून, पातळ ग्रोथ फॅक्टरच फिल्टरमधून गाळणारे मी पाहिलेत. निर्जंतुक झालं खरं, पण प्रथिन फिल्टरच्या पडद्यावरच राहिलं. ट्यूबही लो-बाइंड पॉलिप्रोपिलीनच्याच घ्या.

तर २०० मायक्रोलिटरमध्ये हे बीएसए-पीबीएस ८०० मायक्रोलिटर घालायचं. एक मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच एका मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम. आमच्या केराटिनोसाइट्सना, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना, मी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देते. १०० मिलिलिटर मिडियमला (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाला) लागतात २,००० नॅनोग्रॅम, म्हणजे बरोबर २० मायक्रोलिटर. म्हणून अॅलिक्वॉट, म्हणजे एका वेळेपुरता वाटा, २० मायक्रोलिटरचा. एक छोटी ट्यूब, एक बाटली मिडियम, आकडेमोड संपली. रात्री नऊला, डोळे मिटत असताना, पिपेटवर आकडा फिरवताना ही सोय कळते. कागदावर ५० ट्यूब होतात, प्रत्यक्षात ४८ भरतात. दोन ट्यूबांचा माल टिपमध्ये आणि भिंतीवर जातो, त्याला इलाज नाही. २० मायक्रोलिटरपेक्षा लहान अॅलिक्वॉट करायच्या फंदात मी पडत नाही, थेंब जितका लहान तितकी त्याच्या वाट्याला भिंत जास्त.

हे अठ्ठेचाळीस थेंब भरताना ट्यूब थंड राहायला हव्यात. बर्फात खोचलेल्या ट्यूब वाकड्या होतात, पाण्यात तरंगतात, झाकणावर थेंब येतात. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला, ११ मिलिमीटरची २४ भोकं पाडून. कारागिराने विचारलं, "कुठल्या इंजिनचा पार्ट म्हणायचा हा?" फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेला तो ठोकळा हूडमध्ये तासभर गार राहतो. नऊ वर्षं झाली, एक ओरखडा नाही.

लेबल आधी लावा, मग भरा. प्रथिनाचं नाव, लॉट नंबर, तीव्रता, तारीख, तुमची आद्याक्षरं. साध्या मार्करची शाई स्पिरिटच्या एका पुसण्यात जाते, आणि उणे ८० अंशांना साधा स्टिकर पिकल्या पानासारखा गळतो. आमच्या फ्रीझरच्या तळाशी अजून सात निनावी ट्यूब आहेत. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत.

उणे ८० असेल तर तिथे, नसेल तर उणे २०. पण घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये अजिबात नाही. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःहून मधूनमधून गरम होतो, आणि तुमचं प्रथिन रोज थोडं वितळून थोडं गोठतं. वळवाच्या पावसात वीज गेली तर काय झालं ते कळायला एक घरगुती युक्ती: छोट्या कपात पाणी गोठवा, त्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि कप फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवून द्या. सोमवारी सकाळी नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बुडून बर्फात अडकलेलं दिसलं तर शनिवार-रविवारी सगळं वितळून पुन्हा गोठलंय, घड्याळ आणि डिस्प्ले काहीही म्हणोत. हे उणे २० साठी. उणे ८० ला अलार्म हवाच.

एकदा वितळवलेली ट्यूब परत गोठवायची नाही. उरलं तर चार अंशांवर ठेवा आणि पत्रकातल्या मुदतीत वापरा. ईजीएफ घातलेली मिडियमची बाटली मी दोन आठवड्यांत संपवते, त्यानंतर ती ईजीएफशिवायची समजायची.

एफजीएफ-२ म्हणजे बेसिक एफजीएफ हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर, या सगळ्यात फार नाजूक. ईजीएफ कोल्हापुरी चप्पल असेल तर हा काचेची बांगडी. ३७ अंशांवर मिडियममध्ये त्याची ताकद एका दिवसातच अर्ध्याच्या खाली येते, म्हणून स्टेम सेलवाले मिडियम रोज बदलतात किंवा तो रोज ताजा घालतात. हेपरिनला बांधलेला असला की जरा सावरतो. आमच्या एका पोराने त्याची एकच ट्यूब केली होती, सगळा माल एकात, आणि दर दोन दिवसांनी वितळव, गोठव. पाचव्या खेपेला म्हणाला, "मॅडम, पेशी रुसल्यात जणू." आम्ही सीरम बदललं, इन्क्युबेटर धुतला, मायकोप्लाझ्मा या कल्चर बिघडवणाऱ्या जिवाणूची तपासणी केली, तीन आठवडे गेले. ट्यूबवरचे बोटांचे ठसे कुणी पाहिलेच नाहीत.

जास्त घातलं की जास्त वाढ, असंही नाही. ए-४३१ नावाच्या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफचे रिसेप्टर, म्हणजे ईजीएफला धरणारी प्रथिनं, इतके असतात की नेहमीच्या मात्रेत ईजीएफ दिला तर त्या वाढायच्या ऐवजी थांबतात. तुमच्या पेशींची मात्रा तुम्हीच काढायची: ०, १, ५, १०, २०, ५० नॅनोग्रॅम, प्लेटमधले तीन-तीन खळगे, तीन दिवस. त्याआधी मिडियममधलं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) ०.५ टक्क्यावर आणून पेशींना रात्रभर उपाशी ठेवा. सीरममध्ये स्वतःचेच ग्रोथ फॅक्टर असतात, जेवून उठलेल्या माणसाला लाडू दाखवून भूक मोजता येत नाही.

सर्टिफिकेटवर ईडी-५० (निम्मा परिणाम दिसायला लागणारी तीव्रता) आणि युनिट असे दोन आकडे असतात, त्यांचं नातं सोपं आहे. दहा लाखाला ईडी-५० च्या नॅनोग्रॅमने भागा, युनिट प्रति मिलिग्रॅम मिळतात. ईडी-५० ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर एका मिलिग्रॅमला एक कोटी युनिट. जुन्या पेपरमध्ये मात्रा युनिटमध्ये दिली असेल तर एवढंच गणित लागतं. पण कंपनीचा ईडी-५० त्यांच्या पेशींवरचा असतो, बहुधा उंदराच्या ३टी३ पेशींवर. तुमच्या पेशींनी त्याची सही घेतलेली नसते.

प्रथिन जिवंत आहे का हे तीन दिवस न थांबता बघायचं असेल तर उपाशी पेशींना १० मिनिटं ईजीएफ द्या, लगेच बर्फावर घेऊन फोडा आणि फॉस्फो-ईआरकेचा वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे ईजीएफचा निरोप पेशीच्या आत पोचल्याची खूण पट्टीच्या रूपात दिसते. शेजारी ईजीएफ न दिलेली लेन हवीच. पट्टी ठळक आली तर दोष दुसरीकडे शोधा. तीन आठवडे इन्क्युबेटर धुण्यापेक्षा हे बरं.

व्हायलवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं ते शोभेला नाही. माझ्या आतेभावाचा मुलगा तालमीत जातो. गेल्या दिवाळीत हळूच म्हणाला, "आत्या, तुमच्यात ते ग्रोथचं इंजेक्शन असतंय म्हणं. दंड भरंल का?" त्याला समजावलं की ग्रोथ हार्मोन वेगळं, १९१ अमिनो आम्लांचं, आणि हे वेगळं, याने पैलवान होत नाही, आणि दोन्ही हौसेने टोचून घ्यायच्या वस्तू नाहीत. मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी ईजीएफचं जेल आपल्याकडे मिळतं, पण ते औषध म्हणून परवाना घेऊन, तपासून बनतं आणि डॉक्टर देतात. आमच्या व्हायलीतलं माणसाच्या अंगावर जायचं नाही, चेहऱ्याच्या क्रीममध्ये मिसळून तर नाहीच. हेही विचारून झालंय, नाव सांगत नाही.

राहिलं नवीन लॉटचं. जुना लॉट संपायच्या आधी त्याच्या तीन ट्यूब बाजूला काढून ठेवा, लाल झाकणाच्या. नवीन व्हायल आली की त्याच दिवशी, त्याच पेशींवर, जुनी आणि नवी शेजारी-शेजारी लावा. गेल्या मार्चमध्ये आमचा नवा लॉट १० नॅनोग्रॅमला जुन्याच्या २० इतकं काम करत होता. वहीत पान उलटून तारीख घातली, लॉट नंबर लिहिला आणि अॅलिक्वॉट तोच ठेवून मिडियमची बाटली दुप्पट केली.